एका सौद्याची खंत आणि शिट्टीचे बदलते माप

२ फेब्रुवारी २०२५ हा रविवार होता. त्या दिवशी आपल्याकडे सकाळी पावणेअकराच्या सुमारास शॅम्स चरानिया या अमेरिकी पत्रकाराने बातमी दिली की एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने आपला सर्वोत्तम खेळाडू लुका डोन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सच्या स्वाधीन केला असून त्याच्या बदल्यात अँथनी डेव्हिसला घेतले आहे. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र संपत आली होती, आणि तिथल्या असंख्य चाहत्यांप्रमाणे सांगलीतल्या आम्हांलाही प्रथम हेच वाटले की चरानियांचे खाते कोणीतरी हॅक केले असावे. त्याच रविवारी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी गटात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची लढत झाली, राक्षे चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला, आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते आणि रीप्ले पाहावा अशी मागणी राक्षेने केली, आणि त्यानंतर त्याने पंचांची गचांडी धरली व त्यांना लाथ मारली. पुढे त्याच्यावर आणि अंतिम लढतीत मैदान सोडून गेलेल्या महेंद्र गायकवाडवर तीन वर्षांची बंदी आली. हिंदकेसरी मारुती माने यांच्या या जिल्ह्यात त्या रात्री कुस्तीखेरीज दुसरा विषय निघणे शक्यच नव्हते. आमच्या बास्केटबॉलच्या बैठकीत मात्र ते दोन्ही विषय एकाच दिवशी शिरले, आणि अजून बाहेर पडलेले नाहीत.

ही बैठक म्हणजे विश्रामबागेत सकाळचा सराव संपल्यावर चहाच्या गाड्यापाशी उभे राहणारे पाचसहा जण. एनबीएचे सामने आपल्याकडे पहाटे पाचपासून नऊपर्यंत चालतात. त्यामुळे आम्ही कोर्टवर असतो तेव्हा कोणाच्या तरी मोबाइलवर एखादा सामना शेवटच्या क्वार्टरमध्ये असतोच. त्यात निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, ज्यांना सगळेच सर म्हणतात. त्यांनी उमेदीच्या काळात आखाडाही पाहिला आहे. माझा धाकटा चुलतभाऊ कोबी ब्रायंटच्या काळापासून लेकर्सचा आहे. मिरजेहून येणारा एक मित्र डॅलसचा आहे, आणि मीही डॅलसचाच आहे. आमची डॅलसशी नाळ जुळली ती सतनामसिंग भामरामुळे. २५ जून २०१५ रोजी डॅलसने पंजाबातल्या बल्लो के गावच्या या मुलाला ५२ व्या क्रमांकावर ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू घेण्याच्या वार्षिक फेरीत, निवडले, आणि भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. तो एनबीएचा एकही नियमित सामना खेळू शकला नाही, पण तोवर आम्ही डॅलसचे सामने पाहायला लागलो होतो, आणि तीन वर्षांनी त्याच संघात डोन्चिच आला.

डोन्चिच कसा आला हे सांगितल्याशिवाय तो कसा गेला हे नीट कळणार नाही. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये अटलांटाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि त्याच रात्री डॅलसला देऊन त्याच्या बदल्यात पाचव्या क्रमांकावरचा ट्रे यंग व पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली एक निवड घेतली. असाच एक सौदा डॅलसने १९९८ मध्ये केला होता. मिलवॉकीने नवव्या क्रमांकावर घेतलेला डर्क नोवित्स्की त्यांनी रॉबर्ट ट्रेलरच्या बदल्यात मिळवला. नोवित्स्की तिथे २१ हंगाम खेळला आणि २०११ चे विजेतेपद त्याने आणून दिले. म्हणजे दुसऱ्यांना ज्याचे मोल कळले नाही तो खेळाडू ओळखून घ्यायचा आणि मग त्याला सोडायचे नाही, ही या संघाची वीस-पंचवीस वर्षांची कमाई होती. मिरजेच्या मित्राच्या मते फेब्रुवारीतल्या त्या सौद्याने मोडली ती ही रीत, आणि खेळाडू गेल्याचे दुःख त्यापुढे दुय्यम आहे. त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

सौद्याचा तपशील असा होता. डोन्चिच, मॅक्सी क्लेबर आणि मार्कीफ मॉरिस लेकर्सकडे गेले. डॅलसला डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सची २०२९ ची पहिल्या फेरीतली एक निवड मिळाली. युटा जॅझ हा तिसरा संघ हिशेब जुळवण्यापुरता होता. डोन्चिच तेव्हा २५ वर्षांचा होता. सलग पाच हंगाम तो ऑल-एनबीएच्या पहिल्या संघात, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम पाच जणांत, होता. आदल्या हंगामात सामन्यामागे ३३.९ गुणांच्या सरासरीने तो लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा ठरला होता, जानेवारी २०२४ मध्ये अटलांटाविरुद्ध एकाच सामन्यात त्याने ७३ गुण केले होते आणि त्याच वर्षी जूनमध्ये संघाला अंतिम मालिकेपर्यंत नेले होते. डेव्हिस ३१ वर्षांचा होता. तो थोर बचावपटू आहे, २०२० च्या विजेतेपदात त्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात अनादर नाही. परंतु दुखापतींनी त्याला आयुष्यभर सतावले आहे, हेही सर्वांना ठाऊक होते.

चुलतभावाचा युक्तिवाद पहिल्या दिवसापासून एकच आहे. तो म्हणतो, "दादा, सौदा झाला की झाला. निकाल बघा आणि गप्प बसा." त्याला निकाल दाखवणे सोपे आहे, कारण ते त्याच्याच बाजूचे आहेत. डेव्हिस ८ फेब्रुवारीला ह्यूस्टनविरुद्ध डॅलसकडून पहिला सामना खेळला, २६ गुण, १६ रिबाउंड, ७ असिस्ट आणि ३ ब्लॉक अशी अप्रतिम कामगिरी त्याने केली, आणि त्याच सामन्यात जखमी होऊन मार्चच्या अखेरीपर्यंत बाहेर बसला. ३ मार्चला कायरी अर्व्हिंगच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांपर्यंतही पोहोचला नाही. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी, हंगामात तीन विजय आणि आठ पराभव अशी स्थिती असताना, सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि मालकांच्या वतीने पॅट्रिक ड्युमॉन्ट यांनी चाहत्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले.

तरीही मी या निकालांचा आधार घेणार नाही. हा सौदा डेव्हिसच्या जांघेच्या दुखापतीमुळे वाईट ठरलेला नाही. डेव्हिस ठणठणीत राहिला असता आणि डॅलस आणखी दोन फेऱ्या पुढे गेले असते, तरी मी त्याला वाईटच म्हटले असते, कारण निर्णयाचा न्याय निर्णय घेताना जे माहीत होते त्यावरून करायला हवा. लेकर्सही त्या वर्षी पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-१ असे हरले. म्हणून त्यांनी केलेला सौदा काही वाईट ठरला नाही. त्या दिवशी काय माहीत होते? लीगमधल्या पहिल्या तीन-चार खेळाडूंपैकी एक, ऐन उमेदीच्या उंबरठ्यावर असलेला, आपल्याकडे आहे. आणि असा खेळाडू मिळावा म्हणून इतर प्रत्येक संघ आपल्या तिजोरीतले सर्व काही द्यायला तयार होईल. अशा वेळी हॅरिसन यांनी लेकर्सचे व्यवस्थापक रॉब पेलिंका यांच्याशी गुपचूप बोलणी केली आणि इतर संघांना सुगावाही लागू दिला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचा सौदा निघतो तेव्हा माल सगळ्यांसमोर असतो, सगळे खरेदीदार हळकुंड मोडून पाहतात आणि मग उघड बोली लागते. शेतकऱ्याला भाव पटला नाही तर तो माल परतही नेऊ शकतो. पंचवीस वर्षांचा डोन्चिच हा असा माल होता की त्याच्यावर बोली लावायला सारा बाजार उभा राहिला असता, आणि डॅलसने तो एकाच खरेदीदाराला, बोलीशिवाय, पहिल्या फेरीतल्या अवघ्या एका निवडीवर देऊन टाकला. २०१३ मध्ये ब्रुकलिनने बॉस्टनला केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स या उताराला लागलेल्या खेळाडूंसाठी इतक्या निवडी दिल्या की त्यांतूनच पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम बॉस्टनला मिळाले. आणि त्याच दोघांनी २०२४ च्या अंतिम मालिकेत डोन्चिचच्या डॅलसला हरवले. उतारवयातल्या खेळाडूंना जो भाव मिळाला होता, तोही डोन्चिचला मिळू नये, याची कारणमीमांसा मला आजवर कोणी पटवून दिलेली नाही.

पण किमतीपेक्षाही मला जास्त टोचते ते सौद्यामागचे माप. हॅरिसन यांनी सांगितले ते एवढेच की बचावाच्या जोरावर विजेतेपदे मिळतात. त्याखेरीज डोन्चिचचे वजन, त्याची तंदुरुस्ती आणि पोटरीची वारंवार उद्भवणारी दुखापत यांबद्दल संघात असमाधान असल्याच्या बातम्या आल्या. खेळाडूच्या शरीराची काळजी करणे हा व्यवस्थापकाचा हक्कच आहे. परंतु शरीर टिकेल का हा प्रश्न पंचवीस वर्षांच्या मुलाला विचारायचा आणि दुखापतींचा मोठा इतिहास असलेल्या, एकतीस वर्षांच्या खेळाडूला विचारायचा नाही, हे कसले माप? ज्या कसोटीवर एकाला घालवले, त्याच कसोटीवर दुसऱ्याला घासून पाहिलेच नाही. व्यवस्थापक कठोर असला तर तो सहन करता येतो, परंतु त्याचा कठोरपणा एकाच्या वाट्याला येऊन दुसऱ्याच्या वाट्याला येत नसेल, तर त्याच्या कोणत्याही कारणावर विश्वास बसत नाही. सौद्यावरचा आमचा वाद पंचगिरीवरच्या वादाला येऊन मिळतो तो इथे.

डोन्चिचच्या बाबतीत तर हे दोन्ही वाद एप्रिल २०२५ मध्ये अक्षरशः लागोपाठच्या दोन सामन्यांत एकमेकांना भेटले. ८ एप्रिलला लेकर्सचा सामना ओक्लाहोमा सिटीत होता. चौथ्या क्वार्टरमध्ये, लेकर्स बरोबरीने झुंजत असताना, डोन्चिचला दुसरा टेक्निकल फाऊल, म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा फाऊल, देऊन बाहेर काढण्यात आले. त्याने काढलेले शब्द आपल्याला उद्देशून होते असे पंचांना वाटले. डोन्चिचचे म्हणणे असे की तो समोर बसलेल्या एका प्रेक्षकाला उत्तर देत होता. तो गेल्यावर लेकर्सचा खेळ कोसळला आणि सामना १३६-१२० असा गेला. दुसऱ्याच रात्री तो डॅलसमध्ये पाहुण्या संघाचा खेळाडू म्हणून उतरला. सामन्याआधी त्याच्या डॅलसमधल्या वर्षांची चित्रफीत दाखवली गेली तेव्हा तो रडला, प्रेक्षकांनी हॅरिसन यांना हाकला अशा घोषणा दिल्या, आणि त्याने ४५ गुण करून ११२-९७ असा सामना जिंकून दिला. आपल्याकडे ती १० एप्रिलची सकाळ होती. सरावाला आलेल्यांपैकी कोणीही चेंडूला हात लावला नाही, आणि चुलतभावानेही त्या दिवशी काही बोलायचे टाळले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आता पंचांविषयी. मिरजेच्या मित्राचे म्हणणे असे की पंच डोन्चिचवर डूख धरून आहेत. मला ते पटत नाही. डोन्चिच प्रत्येक निर्णयावर पंचांकडे हात पसरतो, बचावासाठी मागे धावायच्या वेळी तक्रार करत उभा राहतो, आणि त्यातून त्याच्या संघाचे नुकसान होते; हे डॅलसच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे. १२ जून २०२४ च्या अंतिम मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात डॅलसने २१ गुणांची पिछाडी ९३-९० पर्यंत खाली आणली होती, आणि सामन्याची चार मिनिटे बारा सेकंद उरली असताना जेलन ब्राउनला अडवताना डोन्चिचचा सहावा फाऊल झाला, म्हणजे त्याला सामन्याबाहेर जावे लागणार होते. डॅलसने चॅलेंज घेतले, म्हणजे निर्णय तपासून पाहण्याची मागणी केली, पंचांनी रीप्ले पाहिला आणि निर्णय कायम ठेवला. मित्र त्या निर्णयावर आजही भांडतो. मी ती फीत पुष्कळदा पाहिली आहे आणि माझ्या मते तो फाऊल होता: डोन्चिचचे पाय स्थिर नव्हते आणि तो आडवा सरकत होता. माझा आक्षेप त्या शिट्टीवर नाही. तसाच धक्का आधीच्या तीन क्वार्टरांत दोन्ही बाजूंनी लागला तेव्हा प्रत्येक वेळी शिट्टी वाजली होती का, हा माझा प्रश्न आहे.

कारण बास्केटबॉल हा खेळच असा आहे की नियमपुस्तकाप्रमाणे काटेकोर चालायचे ठरवले तर दर पंधरा सेकंदांनी शिट्टी वाजवता येईल. दहा जण २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद जागेत धावतात. अंगाला अंग लागणारच. कोणता स्पर्श चालेल आणि कोणता चालणार नाही, याची रेघ पंच सामन्याच्या पहिल्या पाच मिनिटांत आखतो, आणि खेळाडू ती रेघ वाचून आपला बचाव बसवतात. पंच कडक असेल तर हात मागे घेतात. सैल असेल तर छाती लावतात. दोन्ही प्रकारचा खेळ चांगला होऊ शकतो. ती रेघ मध्येच हलली की मात्र खेळाडूला काय करावे हे कळेनासे होते.

जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धांत मी स्कोअररच्या टेबलावर बसतो, आणि त्या जागेवरून ही रेघ हलताना जितकी स्पष्ट दिसते तितकी प्रेक्षकांतून दिसत नाही. गुणपत्रिकेवर प्रत्येक क्वार्टरसाठी संघाच्या फाऊलचे चार चौकोन असतात. ते चारही भरले की पुढच्या प्रत्येक फाऊलला समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात. सामना संपल्यावर पत्रिका समोर ठेवली तर अनेकदा असे दिसते की पहिल्या क्वार्टरमध्ये दोन्ही संघांचे चौकोन भरलेले आहेत आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये, जिथे खेळ सर्वांत आडदांड झाला होता, तिथे एखाददुसरीच खूण आहे. पंचांच्या मनात दुष्टावा नसतो. अटीतटीच्या क्षणी आपल्या शिट्टीने निकाल लागू नये असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. पण न वाजलेल्या शिट्टीनेही निकाल लागतोच, आणि तो बहुधा अंगाने दणकट असलेल्या संघाच्या बाजूने लागतो. चपळ, हलक्या अंगाच्या मुलांचा संघ तीन क्वार्टर नियमाच्या आधाराने पुढे राहतो आणि चौथ्यात त्याचा आधारच काढून घेतला जातो. त्या मुलांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मला हरण्याच्या दुःखापेक्षा वाईट वाटतो, कारण आपले काय चुकले हेच त्यांना समजलेले नसते.

आपल्या अडचणी अर्थातच वेगळ्या आहेत. एनबीएमध्ये १९८८-८९ च्या हंगामापासून तीन पंच असतात. आपल्याकडे शालेय सामन्याला दोन मिळाले तरी समाधान मानावे लागते, आणि दोघांच्या नजरेआड एक मोठा कोपरा राहतोच. बास्केटखालचा अर्धवर्तुळाकार पट्टा, ज्याच्या आत उभे राहून बचावपटूला चार्ज, म्हणजे आक्रमकाने धडक दिल्याचा फाऊल, मागता येत नाही, तो कित्येक सिमेंटच्या कोर्टांवर आखलेलाच नसतो. मग चार्ज की ब्लॉक, म्हणजे चूक आक्रमकाची की बचावपटूची, हा आधीच अवघड असलेला निर्णय अंदाजावर जातो. अशा स्थितीत चूक झाली म्हणून मी कोणत्याही पंचाला बोल लावणार नाही.

सगळी साधने हाताशी असूनही लीगमध्ये हे सुटलेले नाही, हे मात्र सांगायला हवे. न्यू जर्सीतल्या सिकॉकस येथे २०१४ पासून रीप्ले केंद्र आहे. २०१९-२० पासून प्रशिक्षकाला चॅलेंज घेता येते आणि २०२३-२४ पासून पहिले यशस्वी झाल्यास दुसरेही मिळते. २०१५ पासून लीग चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या निर्णयांचा अहवाल जाहीर करते. कोणती शिट्टी बरोबर, कोणती चूक आणि कोणती वाजायला हवी होती ते त्यात लिहिलेले असते. २७ एप्रिल २०२५ रोजी डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क यांच्या प्लेऑफच्या चौथ्या सामन्यात, न्यूयॉर्क ९४-९३ असे पुढे असताना, शेवटच्या क्षणी डेट्रॉइटचा टिम हार्डवे ज्युनियर तीन गुणांचा फटका मारत असताना न्यूयॉर्कच्या जॉश हार्टचा धक्का त्याला लागला आणि शिट्टी वाजली नाही. सामन्यानंतर मुख्य पंच डेव्हिड गुथ्री यांनी तो फाऊल द्यायला हवा होता असे स्पष्ट मान्य केले. डेट्रॉइटला त्यातून काहीच मिळाले नाही. चुलतभाऊ म्हणतो की असा कबुलीजबाब म्हणजे जखमेवर मीठ. मला उलट वाटते. गुथ्री यांनी काय पाहिले आणि काय चुकले ते सांगितले, म्हणून त्या सामन्याबद्दलची चर्चा एका निर्णयापुरती राहिली. २००६ च्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्याबद्दल तसे झाले नाही. त्या सामन्यात मायामीच्या एकट्या ड्वेन वेडने २५ फ्री थ्रो मारले आणि डॅलसच्या पूर्ण संघाला मिळून २५ मिळाले, मायामी अतिरिक्त वेळेत १०१-१०० ने जिंकले, आणि त्याविषयीचा संशय डॅलसच्या चाहत्यांच्या मनातून अजून गेलेला नाही.

संशयाला खतपाणी घालणारा इतिहास लीगकडे आहे, हे विसरून चालणार नाही. टिम डोनागी हा पंच स्वतः काम करत असलेल्या सामन्यांवर पैजा लावत होता. २००७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला पंधरा महिन्यांची कैद झाली. त्यानंतरच्या कोणत्याही पंचाला त्या एका माणसाचे ओझे वाहावे लागते. आणि संशय एकदा शिरला की तो कुठेही पोहोचतो. १२ मे २०२५ रोजी ड्राफ्टमधला निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत डॅलसला, केवळ १.८ टक्के शक्यता असताना, पहिला क्रमांक मिळाला आणि २५ जूनला त्यांनी कूपर फ्लॅगला घेतले, तेव्हा आमच्या मिरजेच्या मित्रानेसुद्धा विचारले की डोन्चिच दिल्याबद्दलचे हे बक्षीस तर नाही ना. मी त्याला लॉटरीची पद्धत समजावून सांगितली: यंत्रात १४ चेंडू असतात, त्यांतून चार निघतात, त्यांच्या एक हजार एक जोडण्या होतात, त्यांपैकी एक हजार जोडण्या संघांना वाटलेल्या असतात, डॅलसकडे त्यांतल्या अठरा होत्या, आणि सोडत संघांचे प्रतिनिधी, पत्रकार व लेखापरीक्षक यांच्या देखत निघते. त्याने ऐकून घेतले, पण त्याचा चेहरा काही निवळला नाही. ज्या संघाने आपल्याला सर्वांत मोठ्या निर्णयाचे धड कारण दिले नाही, त्या संघाच्या सुदैवावरही चाहत्याला विश्वास ठेवता येत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

सरांना या सगळ्यात कुस्ती दिसते. त्यांच्या मते राक्षेने पंचांवर पाय उचलला त्याला क्षमा नाही, आणि बंदी योग्यच होती. पण पाय उचलण्याआधी त्याने जी मागणी केली होती, रीप्ले दाखवा, ती मागणी रास्त होती. "पंच म्हणजे देव नव्हे, पण मैदानात त्याच्याशिवाय दुसरा कोणी नसतो, म्हणून त्याने चूक मान्य केली तरी चालेल, पण त्याची पत राहिली पाहिजे," असे ते म्हणतात. मला वाटते की पत राखायची असेल तर कारण सांगितलेच पाहिजे. हॅरिसन यांनी वाटाघाटी सुरू असताना निदान आपल्या प्रशिक्षकाला विश्वासात घेतले असते, डेव्हिसला लावलेली कसोटी कोणती हे चाहत्यांसमोर येऊन नीट मांडले असते, तर आम्ही चिडलो असतोच, पण तो एका मतभेदावरचा राग राहिला असता. ड्युमॉन्ट यांचे पत्र नऊ महिन्यांनी आले. तोवर डॅलसच्या सभागृहात घोषणा देणाऱ्या काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले होते आणि नोवित्स्कीच्या पुतळ्यापाशी लोकांनी संघाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली होती.

या चर्चांतून एक प्रत्यक्ष सूचना मी आमच्याकडच्या शालेय स्पर्धांसाठी मांडली आहे. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना बोलावून पंचांनी त्या दिवशी हाताच्या स्पर्शाला आणि बास्केटखालच्या धक्क्याला काय माप लावणार ते दोन वाक्यांत सांगावे, आणि तेच माप शेवटच्या मिनिटापर्यंत ठेवावे. सामना संपल्यावर कर्णधाराने एका निर्णयाबद्दल शांतपणे विचारले तर उत्तर द्यावे. सरांना पहिला भाग मान्य आहे. दुसऱ्या भागाला त्यांचा ठाम विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की पंचाला मिळणारे मानधन तुटपुंजे आहे, पालक आधीच कडेला उभे राहून ओरडत असतात, पंच परीक्षेला नवी मुले बसायला तयार होत नाहीत, आणि त्यात सामन्यानंतर उत्तरे देण्याची सक्ती आली तर आहेत तेही घरी बसतील. चुलतभाऊ म्हणतो की कर्णधाराऐवजी क्रीडाशिक्षकाने लेखी विचारावे आणि पंचानेही लेखीच कळवावे. मला वाटते की प्रश्न विचारणारा मुलगाच असला पाहिजे, कारण खेळला तो आहे. यावर आमचे एकमत झालेले नाही, आणि तालुका स्पर्धा सुरू होण्याआधी ते व्हावे अशी माझी इच्छा आहे.